मोठ्या स्टुडिओवाल्या साहेबांना खुलं पत्र : रिस्क घेताय खरी, पण भलत्याच जागी

प्रति,
मुंबईतल्या समस्त मोठ्या स्टुडिओंचे मालक, सीईओ आणि कुठला सिनेमा करायचा हे ठरवणारे साहेब लोक

साहेबहो, सेलूहून नमस्कार.

दर दोन-तीन महिन्याला तुमची एक बातमी येतेच, की अमका सिनेमा एवढ्या शे कोटींचा होता आणि सोमवारी थेटरात चिटपाखरू नव्हतं. त्यानंतर आठ दिवसांनी तुमच्यापैकीच कुणीतरी मुलाखतीत सांगतं की प्रेक्षकाचा काही भरवसा राहिला नाही, ओटीटीनं लोकांना घरात बसवलं, अशा वातावरणात नवीन काही करायची रिस्क आता परवडत नाही. हे शेवटचं वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. रिस्क परवडत नाही म्हणे! अहो एका हिरोच्या तोंडाकडं बघून ३५० कोटी लावले, ती काय होती मग? तुमच्यापेक्षा मोठी रिस्क घेणारा माणूस मी अजून पाहिला नाही, फक्त तुम्हाला ती रिस्क वाटत नाही एवढाच प्रॉब्लेम आहे, आणि तेच सांगायला हे पत्र लिहायलोय.

माझं खत-बियाण्याचं दुकान आहे. सिनेमाच्या धंद्याशी संबंध तिकीट काढण्यापुरता. पण उधारी, व्याज आणि हंगाम ह्या तीन गोष्टी मला तुमच्याइतक्याच कळतात, आणि जत्रेतल्या तंबूत बसून सिनेमा बघण्यापासून ते मल्टिप्लेक्सच्या रिक्लायनरपर्यंत सगळं बघून झालंय, त्यामुळं प्रेक्षक म्हणून दोन शब्द बोलायला हरकत नसावी.

लोक थेटरात येत नाहीत असं म्हणायलात ना, मग २०१६ चा उन्हाळा आठवा. तुम्हाला आठवणार नाही, आम्हाला आठवतो. लागोपाठचा दुष्काळ, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. त्याच एप्रिलच्या २९ तारखेला 'सैराट' लागला. माणसाकडं पाणी नाही, पैसा नाही, जनावरं छावणीत, आणि तरी थेटरापुढं टेम्पो, जीपा, मोटरसायकलींची रांग. हिरो-हिरोईन कुणाच्या बापाच्या ओळखीचे नव्हते, पोरगी तर शाळेत शिकत होती. चारेक कोटींत केलेला सिनेमा १०० कोटींच्या पुढं गेला, मराठीत पहिल्यांदाच. आता मला सांगा, दुष्काळात जो माणूस तिकिटाला पैसे काढतो तो चांगल्या दिवसांत का काढत नाही? त्याच्याकडं पैसे नाहीत म्हणून नाही, त्याला तुमच्या सिनेमात स्वतःचं काही दिसंना म्हणून.

तुम्ही म्हणाल की असं एखादं होतं, त्याच्यावर धंदा चालत नाही. बरं. २०२२ ला 'कांतारा' सोळा कोटींच्या आसपास झाला, ३० सप्टेंबरला नुसता कन्नडमध्ये लागला, हिंदीत डब करून आणायचं सुद्धा नंतर सुचलं, लोकांनी मागितल्यावर. त्यानं ४०० कोटींच्या घरात धंदा केला. त्या किनारपट्टीच्या गावचं दैवत, कोला, म्हशींची शर्यत, ह्यातलं आमच्या परभणी-हिंगोलीच्या माणसाला काय माहीत होतं? काही नाही. पण गावचा देव, जमीन आणि पाटील ह्यांचं भांडण कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता मोठा सिनेमा पडतो कसा ते बघू. आधी तारीख ठरते. दिवाळी, ईद, १५ ऑगस्ट, ख्रिसमस. मग हिरो ठरतो, त्याची फी ठरते, आणि बजेटचा सगळ्यात मोठा घास कॅमेरा उघडायच्या आधीच त्यात जातो. मग त्याच्यासोबतचा लवाजमा, व्हॅनिटी व्हॅन, जिम, शेफ, हेअरवाला, मेकअपवाला, बाउन्सर. हे मी माझ्या मनानं सांगत नाही, २०२४ मध्ये तुमच्याच इंडस्ट्रीतले डायरेक्टर ह्याच्यावर उघड बोलायला लागले होते. मग सेट, मग फॉरेनचं शूटिंग, मग व्हीएफएक्स, आणि हे सगळं होऊन जे उरतं त्यातनं लेखकाला द्यायचं, ते पण हप्त्यानं. शूटिंग लांबलं की व्याज वाढतं, व्याज वाढलं की घाई होते, घाईत व्हीएफएक्स कच्चं राहतं, पण तारीख हलवता येत नाही कारण तारीख आधी ठरलीय. म्हणजे सगळ्यात स्वस्त वस्तू जी आहे, कागदावरची गोष्ट, तीच सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी वेळात.

'आदिपुरुष'चंच घ्या. डायरेक्टर आपला मराठी माणूस, त्यामुळं मला तर आपुलकी होती. ५०० कोटींच्या आसपासचं बजेट सांगायचे. २०२२ ला टीझर आला तेव्हाच लोकांनी नावं ठेवली, मग रिलीज जानेवारी २०२३ वरून जूनवर ढकलली, परत रंगरंगोटी केली, १६ जूनला लागला, पहिले तीन दिवस गर्दी आणि सोमवारपासून उतार. आणि गंमत बघा, शेवटी लोक चिडले कशावर? डायलॉगवर. सिनेमा थेटरात चालू असताना डायलॉग बदलावे लागले. डायलॉगला काय लागतं हो? एक कागद, एक पेन आणि रामायण ऐकत मोठा झालेला एक माणूस. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही कीर्तनकाराला वाचून दाखवलं असतं तर त्यानं चहाच्या कपात सांगितलं असतं की हनुमानाच्या तोंडी हे शोभत नाही.

तुमचं गणित पण मला समजायलंय. तिकिटाचे पैसे सगळे तुमच्याकडं येत नाहीत, जीएसटी जातो, राहिलेल्यातले पहिल्या आठवड्यात ढोबळमानानं निम्मे थेटरवाल्याचे, आणि पुढच्या प्रत्येक आठवड्याला त्याचा हिस्सा वाढत जातो, तुमचा कमी होतो. म्हणजे ३०० कोटींचा सिनेमा नुसत्या थेटरातून सोडवायचा तर ६०० कोटींच्या पुढं गल्ला लागतो. म्हणून तुम्हाला शुक्रवार, शनिवार, रविवारच पाहिजे, म्हणून देशभरातल्या सगळ्या स्क्रीन एकदम अडवायच्या, म्हणून जाहिरातीचा एवढा मारा की लोकांना विचार करायला वेळच मिळू नये. ही चाल कधीकाळी चालली असंल. २०१८ च्या दिवाळीत 'ठग्स ऑफ हिंदोस्तान'नं पहिल्याच दिवशी ५० कोटींच्या वर गल्ला केला होता, म्हणजे गर्दी गोळा करायचं काम तुम्ही चोख केलं, पण दुसऱ्या दिवशीपासून जे कोसळलं ते कोसळलंच. आता तर इंटरव्हललाच पोरं स्टेटस टाकतात, 'पैसे वाचवा', आणि संध्याकाळच्या शोची तिकिटं तिथंच राहतात.

लॉकडाऊननंतर अजून एक झालं. ओटीटीवाले तेव्हा मागाल ते पैसे देत होते, त्या भरवशावर तुम्ही बजेटं फुगवली, हिरोंनी फी फुगवली, थेटरात पडला तरी ओटीटी आणि टीव्हीचे सॅटेलाइट हक्क सांभाळून घेतात असं सगळ्यांना वाटायला लागलं. मग ओटीटीवाल्यांनी हात आखडला, आधी थेटरात चालवून दाखवा मग बोलू म्हणाले, आणि सगळं उघडं पडलं. फी मात्र खाली आली नाही. आमच्याकडं कापसाला एका वर्षी भाव मिळाला की पुढच्या वर्षी जमिनीचा ठोका, म्हणजे कसायला घेतलेल्या जमिनीचं भाडं, वाढतो, मग कापूस पडला तरी ठोका उतरत नाही, अगदी तसंच.

रीमेकचं तर बोलायलाच नको. तुम्ही त्याला सेफ म्हणत होता. साउथमध्ये चाललंय ना, उचला. पण लॉकडाऊनमध्ये आमच्या इथल्या पोरांनी सगळे साउथचे सिनेमे डबिंगमध्ये बघून पाठ केले होते, देगलूर-धर्माबादकडच्या पोरांना तर डबिंगची पण गरज नाही, त्यांना तेलुगू येतं. मग 'जर्सी' पडला, 'विक्रम वेधा' पाहिजे तसा चालला नाही, 'शहजादा' पडला, 'सेल्फी' तर कधी आला कधी गेला कळलंच नाही. चारही सेफ.

आणि २०२५ ला तर एकाच कंपनीनं दोन्ही गोष्टी लागोपाठ करून दाखवल्या. यशराजचा 'सैयारा' १८ जुलैला लागला, हिरो-हिरोईन नवे, कुठं कपिलच्या शोमध्ये नाहीत की रिअॅलिटी शोमध्ये नाचले नाहीत, गाणी आधी पोरांच्या मोबाईलमध्ये गेली आणि मग पोरं थेटरात गेली. ३०० कोटींच्या पुढं गेला, नुसता देशात. आणि त्याच यशराजचा 'वॉर २' महिन्याभरानं १५ ऑगस्टच्या तोंडावर आला, दोन इंडस्ट्रीतले दोन सुपरस्टार, स्पाय युनिव्हर्स, सगळा सरंजाम, आणि नव्या पोरांच्या सिनेमाच्या मागं राहिला. ऑफिस एक, मालक एक, सव्वा महिन्याच्या आतलं हे. मला वाटलं होतं ह्याच्यावर तुमच्या मीटिंगा होतील. झाल्या असतील पण, आणि त्यात ठरलं असंल की 'सैयारा'सारखे अजून पाच काढा. तेच तर तुमचं दुखणं. एकानं रिस्क घेऊन काही केलं की बाकीचे त्याची कॉपी करतात आणि तिला स्ट्रॅटेजी म्हणतात. मराठीत शिवकालीन सिनेमे चालायला लागले तेव्हा पण हेच झालं, जो उठला तो तलवार घेऊन उठला, अर्ध्यांना घोडे परवडत नव्हते.

मोठं बजेट म्हणजे पाप असं माझं म्हणणं नाही हां. 'छावा' काय कमी खर्चाचा होता का? फेब्रुवारी २०२५ ला लागला, देशात ५०० कोटींच्या पुढं गेला, आमच्याकडं बायका-पोरं, म्हातारी माणसं, जी कधी मल्टिप्लेक्सची पायरी चढली नव्हती ती गाडी करून गेली, आणि बाहेर येताना कुणी बोलत नव्हतं. तिथं खर्च गोष्टीसाठी केलेला दिसत होता. 'टायटॅनिक'च्या वेळी तर अमेरिकेत सगळे म्हणत होते की हा सिनेमाच बुडणार, २०० मिलियन डॉलरचं बजेट झालं होतं, तोवरचा जगातला सगळ्यात महागडा. फॉक्स कंपनी एवढी घाबरली की अमेरिकेतले हक्क पॅरामाउंटला ६५ मिलियनमध्ये देऊन मोकळी झाली. पुढं काय झालं ते सांगायला नको. पण त्याच अमेरिकेत १९८० ला 'हेवन्स गेट' नावाचा सिनेमा ४४ मिलियनवर गेला, आले साडेतीन मिलियनच्या आसपास, आणि युनायटेड आर्टिस्ट्ससारखी जुनी कंपनी विकायची पाळी आली. त्यातनं हॉलिवूडच्या साहेबांनी काय शिकावं? की खर्चावर लक्ष ठेवा. ते शिकले काय? की डायरेक्टरला मोकळीक देऊ नका. त्याची फळं ते अजून खायलेत, त्याच त्या सिनेमाचा नंबर दोन, नंबर तीन, नंबर सात.

ह्याच्या उलट आपल्याकडचा राज कपूर बघा. 'मेरा नाम जोकर'वर सहा वर्षं घालवली, घरदार गहाण टाकलं, १९७० ला सिनेमा आपटला. कर्जात बुडालेला माणूस पुढं काय करतो? तुमच्यासारखा असता तर मोठा स्टार घेऊन सेफ काहीतरी केलं असतं. ह्यानं १९७३ ला 'बॉबी' केला, हिरोईन कोरी करकरीत, हिरो स्वतःचा पोरगा, हिरो म्हणून त्याचा पण पहिलाच. मोठ्या स्टारला द्यायला पैसेच नव्हते असं पुढं पोरानंच सांगितलं. सगळं कर्ज फिटलं. म्हणजे नाईलाजानं घेतली असंल, पण रिस्क घेतली.

आता माझ्या बाजूचं पण खरं बोलतो, नाहीतर तुम्ही म्हणाल दुकानदार बसून फुकटचे सल्ले द्यायलाय. लहान सिनेमे पण पडतात, मोठ्यांपेक्षा जास्तच पडतात. मराठीत वर्षाला शंभराच्या वर सिनेमे निघतात आणि बहुतेकांचे पैसे निघत नाहीत. आमच्या मराठवाड्यात तर प्लॉटिंगमध्ये दोन पैसे मिळाले की माणूस प्रोड्युसर होतो, एसटी स्टँडवर पोस्टर लागतं, पोस्टरवर आमदारसाहेबांचा फोटो हिरोपेक्षा मोठा, आणि सिनेमा कुठं लागला ते त्याच्या सासऱ्याला पण माहीत नसतं. सरकारचं अनुदान मिळंल, अ दर्जाला ४० लाख, ब दर्जाला ३० लाख, ह्या हिशोबावर काढलेले पण असतात. असल्यांना तुम्ही पैसे द्या असं मी म्हणत नाही.

पण जे चांगले आहेत त्यांचं तुम्ही काय करता? एप्रिल २०२३ ला भाऊराव कऱ्हाडेंचा 'टीडीएम' लागला. 'ख्वाडा'वाला माणूस, नॅशनल अवॉर्डवाला. शोच मिळंनात, मिळाले ते भलत्या वेळेला, कलाकार लोकांसमोर रडले, सिनेमा काढून घ्यावा लागला आणि जूनमध्ये परत लावला. सिनेमा चांगला होता का वाईट हे आम्ही ठरवायचं होतं, आमच्यापर्यंत तो यायच्या आधीच निकाल लागला होता. तिकडं 'तुंबाड' २०१८ ला आला तेव्हा कुणी फार विचारलं नाही, २०२४ च्या सप्टेंबरात परत लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावला. मधल्या सहा वर्षांत सिनेमा बदलला नव्हता, एकानं दुसऱ्याला सांगितलं आणि दुसऱ्यानं तिसऱ्याला, त्याला वेळ लागतो. 'शोले'ला सुद्धा १९७५ ला पहिल्या काही दिवसांत पडला-पडला म्हणूनच नावं ठेवली होती. आजचा सोमवार त्याच्या नशिबी असता तर गब्बर मंगळवारी उतरवला असता.

त्यामुळं मला काय म्हणायचंय ते सरळ सांगतो. पुढच्या वेळी ३०० कोटींची फाईल टेबलावर आली की त्यातले नुसते ३० कोटी बाजूला काढा. हिरोच्या फीतनं काढा, त्याला फी कमी आणि नफ्यात वाटा द्या, ज्याला स्वतःच्या सिनेमावर भरवसा आहे तो घेईल, आमीर खान वर्षानुवर्षं तसंच करत आलाय. त्या ३० कोटींत पाच-सहा सिनेमे होतात. त्यातले चार पडू द्या. पण गोष्ट पूर्ण लिहून झाल्याशिवाय त्यांची तारीख ठरवू नका, आणि लिहिणाऱ्याला पैसे आधी द्या, त्याला घरभाड्याची काळजी राहिली तर तो तुम्हाला पाहिजे तेच लिहील. मुंबईत बसून गाव लिहिणारे पण नकोत. बीडच्या ऊसतोडीच्या टोळीवर, लातूरच्या कोचिंग क्लासच्या गल्लीतल्या हॉस्टेलवर, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याच्या लंगरवर, इथले पोरं-पोरी लिहायलेत, एकांकिका करायलेत, मोबाईलवर शॉर्टफिल्म करून दहा-दहा लाख लोकांना दाखवायलेत. संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ फिल्म फेस्टिवल होतो, तिथं एक चक्कर मारा, स्टेजवर बसायला नाही, मागच्या खुर्च्यांवर कोण बसतंय ते बघायला.

आणि एक काम बिनपैशाचं आहे. शोचं टायमिंग आणि तिकीट. सप्टेंबर २०२२ मध्ये एक दिवस ७५ रुपये तिकीट ठेवलं होतं, देशभर हाऊसफुल्ल झालं होतं, म्हणजे लोक आहेत, फक्त चौघांच्या घरानं तिकीट, पेट्रोल, पॉपकॉर्न मिळून दीड-दोन हजार घालवायचे तर ते वर्षातून दोनदाच जाणार आणि त्या दोन वेळा तुमचा नंबर लागंल ह्याची गॅरंटी नाही. २०२४ च्या दिवाळीत सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि मोंढ्यात त्याच्या किती खाली विकत होतं ते मी रोज बघत होतो. तेव्हा तुमचे दोन मोठे सिनेमे, 'सिंघम अगेन' आणि 'भूल भुलैया ३', एकाच दिवशी १ नोव्हेंबरला येऊन स्क्रीनवरून भांडत होते. आमच्या माणसाकडं एकाचेच पैसे होते साहेब, त्यानं एकच बघितला.

जिल्ह्याच्या गावी जाऊन सिनेमा बघायचा तर खेड्यातल्या माणसाला शेवटची एसटी सापडली पाहिजे. रात्री पावणेदहाचा शो त्याच्या काही कामाचा नाही आणि सकाळी नऊला तो शेतात असतो. तुम्ही लहान सिनेमाला नेमक्या ह्याच दोन वेळा देता आणि मग म्हणता ऑक्युपन्सी नाही. दुपारी तीनचा एक शो द्या, सोमवार ते गुरुवार तिकीट १०० च्या आत ठेवा, आणि दोन आठवडे हलवू नका. थेटरवाला ऐकत नाही म्हणू नका, मोठ्या सिनेमाच्या वेळी तुम्ही त्याला कसं ऐकायला लावता ते सगळ्यांना माहीत आहे. हे लातूर, नांदेड, परभणी, जालना एवढ्या चारच ठिकाणी करा, मुंबई-पुण्याला हात पण लावू नका, आणि आकडे काय येतात ते तुमच्या एक्सेलमध्ये टाकून बघा. जमलं तर डिसेंबर-जानेवारीत करा, तूर निघालेली असते, कापसाचे पैसे आलेले असतात. जूनमध्ये नको, जूनमध्ये सगळे माझ्या दुकानात असतात.

कळावे,
आपला एक तिकीट काढणारा,
सेलू, जि. परभणी